भिवंडीचे माग आणि पुण्याचे परम

भिवंडीत प्रथमच रात्र काढणाऱ्या पाहुण्याला मागांच्या खटखटीने झोप येत नाही, आणि मूळच्या भिवंडीकराला ती खटखट थांबली की जाग येते. माझे आजोळ तेथले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडे कल्याणला उतरून एस. टी. ने भिवंडीस जात असू आणि पहिल्या दोन रात्री कुशी बदलण्यात काढीत असू. तिसऱ्या रात्री कान सरावत. मग कधी मध्यरात्री वीज गेली की सारे गाव एकदम मुके होई, माडीवर झोपलेले मामा उठून बसत आणि अंधारातच म्हणत, "गेली वाटतं." कंदील लावण्याचीही गरज नसे. जे समजावयाचे ते त्यांस कानांनी समजलेले असे.

मामा विणकर नव्हते. एका सुताच्या व्यापाऱ्याकडे ते हिशेब लिहीत. भिवंडी म्हटले की मुंबईच्या गिरणगावासारखी उंच धुराड्यांची गिरणी ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांनी ते चित्र प्रथम पुसून टाकावे. येथे लाखांनी यंत्रमाग आहेत, परंतु ते एका मालकाचे नाहीत आणि एका छपराखालीही नाहीत. पत्र्याच्या एका शेडमध्ये बारा, कोठे चोवीस. मालक निराळा, जागेचा मालक निराळा, सूत तिसऱ्याचे. व्यापारी सूत घेतो. ते सायझिंगला जाते, तेथे त्याला खळ लागून बीम तयार होते. बीम कारखानदाराकडे येते. वहिफणीवाला उभार धाग्यांतला एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवतो. कांडीवाला आडव्या धाग्याच्या कांड्या भरतो. मग धोटा धावू लागतो. तयार झालेले तागे घडी होऊन पुन्हा व्यापाऱ्याकडे जातात. या साऱ्या मंडळींना हुकूम देणारा एकही साहेब नाही. असे असूनही दर दिवशी मैलोगणती कापड गावाबाहेर पडते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, गणकयंत्रांचा इतिहास सांगू लागणारा प्रत्येक लेखक केव्हा ना केव्हा मागापाशी येतोच. पण तो येतो फ्रान्समधल्या ल्याँ शहरी, आणि भिवंडीला येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यात अर्धीच गोष्ट सांगून होते.

ती अर्धी गोष्ट थोडक्यात अशी. ल्याँच्या जोसेफ मारी जाकारने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी असा माग सिद्ध केला की, ज्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता नाही हे आपोआप ठरे. पुठ्ठे बदलले की नक्षी बदले, माग तोच. त्याच्याच पद्धतीने पुढे त्याचे एक रेशमी चित्र विणण्यात आले, त्याला सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले, आणि त्या चित्राची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या घरी होती. बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हेच पुठ्ठे घेतले. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्रावर ज्या टिपा लिहिल्या त्यांत जाकारच्या मागाशी तुलना केली. १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन हॉलरिथ यांनी भोकांच्या कार्डांवर माणसे मोजली. तेथून ती कार्डे थेट आमच्या पिढीपर्यंत आली; १९७० नंतरही कित्येक विद्यार्थी त्यांचे गठ्ठे काखेत मारून गणकयंत्राच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहत होते.

परंतु भिवंडीच्या बहुतेक मागांवर जाकारचे पुठ्ठे नसतातच. तेथे विणले जाते ते मुख्यतः साधे, कोरे कापड. भिवंडीचे वैशिष्ट्य नक्षीत नाही, मेळात आहे. एक माग काय करतो हे पाहावयाचे तर ल्याँला जावे; शेकडो मालकांचे हजारो माग, एकमेकांस न पाहता, एकच मागणी कशी पुरी करतात हे पाहावयाचे तर अंजूरफाट्याला उतरावे. आणि गणकयंत्राच्या इतिहासातला गेल्या चाळीस वर्षांतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. यंत्रे पुष्कळ आहेत. त्यांचा मेळ कसा घालावयाचा?

आपल्याकडे आरंभ एका यंत्राने झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन् आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतः बांधलेले गणकयंत्र १९६० साली पूर्ण रूपाने चालू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती. आजच्या कोणत्याही मुलाच्या हातातल्या फोनपुढे ती नगण्य आहे, पण त्या काळी आशियात असे काम फार थोड्यांना साधले होते. ते एक यंत्र, एका वेळी एक काम. पुढे परदेशांतून मोठी यंत्रे आली तरी विचार हाच राहिला: काम मोठे झाले तर यंत्र मोठे आणा, वेगवान आणा.

ही चढण एके ठिकाणी संपावयाची होतीच. हवामानाचा अंदाज घ्या. सबंध पृथ्वीभोवतीच्या हवेचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येकाचा दाब, उष्णता, आर्द्रता आणि वारा यांचा हिशेब करावयाचा, आणि तोही उद्याचा पाऊस आज रात्रीच कळेल इतक्या लवकर. परवा कळून उपयोग नाही. अमेरिकेच्या क्रे कंपनीची यंत्रे हे करीत. आपल्या सरकारने तशी मागणी केली, तेव्हा अधिक शक्तिमान यंत्र द्यावयास अमेरिकेने नकार दिला आणि हवामान खात्याच्या कामापुरते एक लहान यंत्र, पुष्कळ अटी घालून, दिले. या नकाराची हकीगत आता प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे. सूडकथेसारखी ती सांगितली जाते: त्यांनी दिले नाही, म्हणून आम्ही केले. यात खोटे काही नाही, पण नकाराच्या आधीही आपल्याकडे या वाटेवर पावले पडली होती हे त्यात हरवते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८६ सालीच 'फ्लोसॉल्व्हर' नावाचे, अनेक गणक एकत्र जुंपलेले यंत्र वाऱ्याच्या प्रवाहाचे गणित सोडवू लागले होते.

१९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली. तिचे सूत्रधार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. नागपूर, बडोदे आणि दिल्ली येथे शिकलेले, त्रिवेंद्रमला काम केलेले. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, संस्थेचे बिऱ्हाड थाटले. मुदत तीन वर्षांची. क्रे यंत्रासारखा एक महाकाय, अतिवेगवान गणक तीन वर्षांत घडविणे आपल्या आवाक्यात नव्हते; तेव्हा त्यांनी भिवंडीची वाट धरली. म्हणजे त्यांना भिवंडी आठवली असे नव्हे. ही उपमा माझी. पुष्कळसे लहान, बाजारात विकत मिळणारे गणक घ्यावयाचे आणि त्यांना एकत्र कामाला लावावयाचे.

त्यांनी निवडलेला गणक होता 'ट्रान्सप्युटर'. ब्रिटनमध्ये सरकारी भांडवलावर १९७८ साली निघालेल्या इनमॉस या कंपनीची ती निर्मिती. नखाएवढ्या चकतीवर गणकही होता, थोडी स्मृतीही होती, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार तोंडे होती. चाळीतल्या खोलीला दोन बाजूंचे शेजार, एक वरचा आणि एक खालचा असतो, तसे. कोणाचे कोणाशी वैर नाही, पण कोणी कोणाच्या घरात शिरून डबा उघडावयाचा नाही. जे हवे ते दारात उभे राहून मागावयाचे. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र, आणि व्यवहार केवळ निरोपांचा. अशा चौसष्ट गणकांचा एक संच, आणि असे संच जोडून यंत्र हवे तितके वाढवावयाचे, या रचनेचे 'परम ८०००' हे यंत्र १९९१ साली देशापुढे आले. इंग्रजीत ते समांतर यंत्राचे संक्षिप्त नाव, आणि आपल्या भाषेत परम म्हणजे परमच. नाव ठेवणाऱ्यास दाद दिली पाहिजे. पुढे ही यंत्रे जर्मनी, ब्रिटन आणि रशिया येथेही गेली.

येथपर्यंतची कथा वर्तमानपत्रांत आली, छायाचित्रांसह आली. आता जी सांगावयाची ती छायाचित्रात येण्यासारखी नाही.

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा करंज्यांचे उदाहरण घेऊ. समजा, एका बाईला घरातल्या सगळ्या करंज्या करावयास दहा तास लागतात. पैकी नऊ तास लाटण्यात, भरण्यात आणि कातण्यात जातात, एक तास तळण्यात. आळीतल्या दहा जणी मदतीला आल्या. लाटण्याचे नऊ तास चौपन्न मिनिटांवर आले. पण कढई एकच! तो एक तास तसाच राहिला, आणि सारे काम सुमारे दोन तासांत उरकले. उत्साहाने आणखी नव्वद बायका बोलावल्या, तर लाटणे साडेपाच मिनिटांत होईल, परंतु कढईपुढे तासभर रांग लागेलच. शंभर जणी मिळूनही काम दहापट लवकर होत नाही. जीन अॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ साली गणकयंत्रांबद्दल हाच हिशेब मांडला. चौसष्ट गणक जोडले आणि कामाचा केवळ विसावा हिस्सा वाटता न येण्यासारखा निघाला, तर वेग चौसष्टपट होत नाही, जेमतेम पंधरापट होतो. म्हणजे चौसष्ट पगारदारांपैकी एकोणपन्नास जण, गणिताच्या दृष्टीने, बसून आहेत.

परमच्या बाबतीतही कागदावरचा वेग सेकंदाला शंभर कोटी गणितांचा होता. नेहमीच्या कामात हाती येई तो दहा ते वीस कोटींचा. यात कोणी फसविले नव्हते. जगातल्या प्रत्येक समांतर यंत्राची तेव्हा हीच गत होती, आणि आजही थोडीफार आहे. परंतु हे ऐंशी-नव्वद कोटींचे अंतर कशाने भरून काढावयाचे? आणखी गणक आणून नव्हे. कामाची वाटणी शहाणपणाने करून, निरोप कमी करून, एकाचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला दुसरे काम देऊन. म्हणजे भिवंडीच्या भाषेत, माग वाढवून नव्हे, तर बीम वेळेवर पोचवून. हे ज्याने साधावयाचे ती वस्तू लोखंडाची नसते; ती आज्ञावलींची असते.

पुण्याच्या मंडळींना हे ठाऊक होते. परमबरोबरच त्यांनी 'पारस' नावाची एक कार्यप्रणाली आणि उपकरणांची पेटी तयार केली. नाव पुन्हा चपखल: परीस लोखंडाचे सोने करतो. या पेटीत काय असावयाचे? एकच आज्ञावली चौसष्ट ठिकाणी नेऊन ठेवणारा हमाल. एका गणकाचा निरोप, वाटेत कितीही शेजारी असोत, दुसऱ्यापर्यंत पोचविणारा टपालवाला. कारण ट्रान्सप्युटरला तोंडे चारच, आणि पलीकडच्या टोकाच्या गणकाशी बोलावयाचे तर मधल्यांनी निरोप पुढे दिला पाहिजे. आणि चूक शोधणारा जॉबर.

या शेवटच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. मागाचा आडवा धागा तुटला तर एक लहानसा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. जॉबर येतो, पाहतो, जोडतो. एकट्या गणकाचेही असेच असते: आज्ञावली जेथे चुकली तेथे थांबवा, उघडा, पाहा. परंतु चौसष्ट गणक निरोपानिरोपी करीत असता चूक झाली, तर थांबवावयाचे कोणाला? एकाला थांबवले की बाकीचे त्याच्या उत्तराची वाट पाहत खोळंबतात, निरोपांचा क्रम बदलतो, आणि जी चूक धरावयाची ती नाहीशीच होते. थांबवणे काढून टाका, चूक पुन्हा हजर. आमच्या वेळच्या चाळीतल्या गळक्या नळासारखे: प्लंबर येईपर्यंत गळतो, तो आला की सुतासारखा सरळ. अशा चुका शोधताना पुण्यात काय, मुंबईत काय, कित्येक तरुण-तरुणींच्या रात्री गेल्या असतील.

आणखी एक दुखणे होते. त्याला लखनौचे दुखणे म्हणावे. ट्रान्सप्युटरची जी मूळ भाषा, 'ऑकॅम', तिच्यात निरोप देणारा आणि घेणारा दोघेही एकाच वेळी दारात उभे असल्याखेरीज देवघेव होत नसे. आता दोन्ही शेजारी एकाच क्षणी 'आधी तुम्ही माझे घ्या' म्हणून हात पुढे करून उभे राहिले, तर? दोघेही अनंतकाळ तसेच उभे. यंत्र बिघडलेले नाही, तार तुटलेली नाही, चूक म्हणावी अशी एकही ओळ नाही. आणि काम मात्र ठप्प. 'पहले आप' करता करता गाडी निघून जाते, तसाच प्रकार.

याच सुमारास मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, 'अनुपम' नावाची निराळी मालिका सुरू झाली होती. तिचे पहिले यंत्रही १९९१ चेच. अणुशास्त्रज्ञांना स्वतःची गणिते होती, आणि त्यांनी 'अनुलिब' नावाचा निरोपांच्या आज्ञांचा एक लहानसा संग्रह बनविला. पाठव, घे, सगळ्यांना सांग, सगळ्यांची वाट पाहा: असल्या मूठभर आज्ञा. भौतिकशास्त्रज्ञाला गणकशास्त्रज्ञ न होता आपले काम वाटता यावे, हा त्यातला हेतू. मला तर या लहान संग्रहाचे महत्त्व यंत्राइतकेच वाटते. सुताराचे नाव कपाटावर राहते, पण ज्याने रंधा घडविला त्याला कोण विचारतो!

मग एक घटना घडली, तिच्याकडे आपल्या परमकथेत सहसा लक्ष जात नाही. इनमॉस कंपनी १९८९ साली दुसऱ्या एका युरोपीय कंपनीकडे गेली. ट्रान्सप्युटरचा गाजावाजा झालेला पुढचा अवतार वेळेवर आला नाही. आणि काही वर्षांत ती सबंध जातच संपली. ज्या मागासाठी फण्या घडविल्या तो मागच बाजारातून उठला! पुण्याने १९९२ च्या यंत्रात ट्रान्सप्युटरच्या जोडीला इंटेल कंपनीचा वेगवान गणक बसविला, १९९४ च्या 'परम ९०००' मध्ये सन कंपनीच्या जातीचे गणक घेतले आणि १९९८ च्या 'परम १००००' मध्ये तर पूर्ण स्वतंत्र संगणकच एकमेकांस जोडले. प्रत्येक वेळी नवे यंत्र आल्याच्या बातम्या झाल्या. प्रत्येक वेळी आज्ञावली लिहिणाऱ्यांना बिऱ्हाड हलवावे लागले, त्याची बातमी झाली नाही.

हेच दुखणे साऱ्या जगाचे होते. प्रत्येक कारखानदाराची निराळी यंत्रे आणि निरोपांची निराळी बोली. एका यंत्रावर महिनोन्‌महिने राबून लिहिलेले काम दुसऱ्यावर चालत नसे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९८९ च्या सुमारास एक तोडगा निघाला: भिन्न जातींची यंत्रे मिळून एकच कल्पित यंत्र आहे असे भासविणारी आज्ञावली. आणि १९९४ साली अनेक देशांच्या संशोधकांनी व कारखानदारांनी एकत्र बसून निरोपांचे एक सामाईक व्याकरण ठरविले. त्याला 'एमपीआय' म्हणतात. त्यात शब्द काय असावेत एवढेच ठरले. ते कोणी कसे उच्चारावेत हे ज्याच्या त्याच्यावर सोडले. आपल्या सी-डॅकनेही त्या व्याकरणाची स्वतःची आवृत्ती केली, आणि निरोप त्वरेने पोचविणारा 'क्षिप्र' नावाचा थर तिच्याखाली घातला. तीस वर्षे होऊन गेली, यंत्रांच्या कितीतरी पिढ्या भंगारात गेल्या, ते व्याकरण अजून चालू आहे. परम ८००० वर काम केलेला कोणी पेन्शनर आज पुण्याच्या एखाद्या नव्या यंत्रापुढे बसला, तर यंत्र त्याला अनोळखी वाटेल. पाठव, घे, वाट पाहा, या क्रिया मात्र ओळखीच्या वाटतील.

मेळाचा दुसरा एक मार्ग मुंबईच्याच एका मुलाने दाखविला. जुहूला वाढलेले विवेक रणदिवे अमेरिकेत शिकले आणि १९८० नंतरच्या दशकात त्यांनी सराफ्याच्या व्यवहारासाठी 'माहितीची बस' बांधली. कल्पना दवंडीची आहे. दवंडी पिटणाऱ्याला गावात कोण कोण ऐकते याची यादी लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला दवंडीवाल्याचे घर ठाऊक असावे लागत नाही; ज्याला ज्या विषयात रस तो तेवढे ऐकतो. दलालांच्या मेजावर पूर्वी प्रत्येक बाजाराचा निराळा पडदा असे. आता भाव एकदा पुकारला की ज्याला हवा त्या यंत्राने उचलावा. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने १९९४ साली ती कंपनी विकत घेतली. पुढे १९९७ साली याच कल्पनेवर रणदिवे यांची 'टिब्को' उभी राहिली.

पुण्याच्या कथेतले पुढले टप्पे भराभर सांगून टाकतो, कारण ते आकड्यांचे आहेत. २००७ च्या नोव्हेंबरात टाटांच्या पुण्यातील प्रयोगशाळेचे 'एक' हे यंत्र जगातल्या पाचशे वेगवान यंत्रांच्या यादीत चौथे आले. बाजारात मिळणारे सुमारे अठराशे संगणक एकत्र बांधलेले यंत्र, आणि नाव 'एक'! २००८ साली सी-डॅकचे 'परम युवा' आले. त्या आधीपासून, 'गरुड' या प्रकल्पात, निरनिराळ्या शहरांतल्या संस्थांची यंत्रे तारांनी जोडून एकाच्या कामासाठी दुसऱ्याची यंत्रे वापरण्याचा प्रयत्न सी-डॅकने केला होता. २०१९ नंतर राष्ट्रीय योजनेखाली काशी, पुणे आणि अन्यत्र नवे परम उभे राहिले.

गरुडासारख्या योजनेत एक नवीनच अडचण येते, आणि ती मला मामांच्या वहीतून समजली, पुस्तकातून नव्हे.

मामांच्या चोपडीत प्रत्येक कारखानदाराची दोन पाने असत. डाव्या पानावर दिलेली बिमे, उजव्यावर आलेले तागे. एका सुट्टीत मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवीत होतो. पद्मानगरच्या एका कारखानदाराच्या उजव्या पानावर तीन आठवडे काहीच नव्हते.

"मामा, ह्यांचा माल बुडाला का?" मी विचारले.

"कोण म्हणतो?"

"तुम्हीच पाहा ना. पान कोरं आहे."

मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अरे, गप्प बसलेला माणूस मेला की झोपला, हे वहीवरून कळत नाही. बुडाला म्हणून त्याचं काम दुसऱ्याला दिलं आणि उद्या तो तागे घेऊन दारात उभा राहिला, तर दोघांचा माल घ्यावा लागेल. नाही दिलं आणि तो खरंच बुडालेला असला, तर गिऱ्हाईक जाईल."

"मग करायचं काय?"

"किती दिवस वाट पाहायची ते आधी ठरवायचं. आणि मग चुकलं तर सोसायचं."

विखुरलेल्या यंत्रांचे शास्त्र ज्यांनी रचले त्यांना हेच सापडले, फक्त सिद्धतेसह. दूरच्या यंत्राचे उत्तर आले नाही तर ते बंद पडले, की नुसते संथ आहे, की मधली तार तुटली, हे उत्तर न आल्यावरून कळत नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी दाखवून दिले की, निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एखादे यंत्र जरी बंद पडण्याचा संभव असेल, तर सगळ्या यंत्रांचे एकमत नक्की होईलच अशी कोणतीही पद्धत असू शकत नाही. कठीण आहे असे नव्हे, अशक्य आहे. म्हणून व्यवहारात सगळे जण मामांचाच उपाय करतात. मुदत घालतात, आणि चुकले तर निस्तरण्याची तयारी ठेवतात.

वहीत दुसरीही एक खुबी होती. मामा तारखेपेक्षा चलनाच्या क्रमांकावर अधिक विश्वास ठेवीत. "तारीख काय, कोणाचं घड्याळ मागे, कोणाचं पंचांग पुढे," ते म्हणत, "पण बीम गेल्याशिवाय तागा येत नाही." लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधाचा गाभा हाच आहे: दूर दूरच्या यंत्रांची घड्याळे कधी तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा घटनांचा क्रम घड्याळावरून न लावता निरोपांवरून लावावा, निरोप पाठविणे हे तो पोचण्याच्या आधीचेच. लॅम्पोर्ट यांना पुढे या शास्त्रातला सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मामांना दिवाळीला बोनस आणि एक तागा मिळे.

आज भिवंडीला जाताना प्रथम माग दिसत नाहीत, गोदामे दिसतात. मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर: जेथे भाताची खाचरे होती तेथे मैलभर लांबीची छपरे उभी आहेत. मुंबईची जकात चुकविण्यास हद्दीबाहेर माल साठविण्याची सोय म्हणून ती प्रथम वाढली. २०१७ साली जकात गेली तरी गोदामे गेली नाहीत, उलट फोफावली. घरी बसून मागविलेला आपला दिवाळीचा सदरा बहुधा यांतल्याच एखाद्या छपराखालून निघतो. आणि त्या छपरांत तोच जुना प्रश्न आहे. शेवटचा एक सदरा उरला आहे. दादरच्या सूनबाईंनी आणि नाशिकच्या वहिनींनी एकाच क्षणी बोट दाबले. मागणी नोंदणारी यंत्रे दोन शहरांत. मधली तार क्षणभर तुटलेली. दोघींना 'हो' म्हणावे तर एकीची निराशा ठरलेली. तार जुळेपर्यंत दोघींना थांबवावे तर दोघीही दुसऱ्या दुकानात जाणार. या पेचाची सिद्धता २००२ साली झाली. दुकानदारांनी निवड केव्हाच केलेली आहे: 'हो' म्हणावे, आणि मागाहून क्षमापत्र पाठवावे.

मागच्या वर्षी भाऊबीजेला मी भिवंडीत होतो. मामा आता नाहीत. ज्या आळीत रात्रभर खटखट चाले तेथल्या दोन शेडी बंद होत्या, आणि तिसरीपुढे टेंपो उभा होता. जुने माग सुटे करून त्यात भरले जात होते. ते किलोच्या भावाने जाणार होते. मालक बाहेर खुर्ची टाकून वजने लिहून घेत होते. मी मामांचे नाव सांगताच त्यांनी मला बसवून घेतले आणि चहा मागविला.

"तुमचे मामा माझ्याकडे येत," ते म्हणाले. "चोपडी पक्की माणसाची."

"आता नवे माग घेणार?"

"घेतले असते. दूरच्या गावी एकाने घेतले, बिनधोट्याचे, परदेशी. पहिल्या वर्षी झकास. मग आतली एक पाटी बिघडली. जॉबर आमचा चाळीस वर्षांचा जाणता. त्याने झाकण उघडलं, पाहिलं आणि पुन्हा लावलं. म्हणाला, यात माझ्या पान्याला लागेल असं काहीच नाही. पाटीच्या आत काय लिहिलंय ते विकणाऱ्याने दिलं नव्हतं."

टेंपोवाल्याने हाक मारली. मालक उठून काट्यापाशी गेले, आकडा वाचला, आणि परत येऊन तो वहीत लिहिला, उजव्या पानावर.